बाबांचा पीसी आणि केशरी ठिपका

ऐरोलीला आईबाबांकडे गेलो की चहाआधी पीसी समोर येतो. "अरे, हे बघ ना काय आलंय." ह्यावेळी कोपऱ्यात अपडेटचा केशरी ठिपका, तोही कित्येक दिवस तसाच, कारण बाबा शटडाऊन वगैरे करतच नाहीत, सरळ भिंतीवरचं बटण बंद!!

विंडोजचे मुख्य अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, तिकडे अमेरिकेत सकाळ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा, त्यामुळे बुधवारी बाबा लाइटबिल भरायला बसले की नेमकं हे उपटतं. मागे एकदा मीच शहाणपणा करून भर पावसात रिस्टार्ट दिला, 37 टक्क्यांवर लाइट गेली आणि मग परत चालू केल्यावर तासभर नुसतं गोल गोल फिरत बसलं. आई म्हणाली, "चांगलं चाललेलं, तू हात लावलास." बरोबरच होतं म्हणा.

आता अ‍ॅक्टिव्ह अवर्स, म्हणजे ज्या वेळात पीसी अपडेटसाठी आपोआप रिस्टार्ट होत नाही ते, सकाळी 8 ते रात्री 11 ठेवलेत आणि आठवडाभर पॉज करतो, शनिवारी गेलो की फोटोंचा बॅकअप घेऊन मीच अपडेट टाकतो.

खरी अडचण वेगळीच. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि ह्या म्हाताऱ्या मशीनमध्ये टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप नाही म्हणजे विंडोज 11 चा विषयच संपला. म्हणून 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतचे जादा सिक्युरिटी अपडेट घेतले. त्याला मायक्रोसॉफ्ट अकाउंटचं लॉगिन लागतं, आणि पासवर्ड सापडला कुठे, तर दूधवाल्याच्या हिशोबाच्या वहीत, मागच्या पानावर, तोही अर्धा खोडलेला.