वहीत चार, खरे नऊ

लातूर, येळवशीचा दुसरा दिवस, पहाटे साडेपाच

घर अजून उठलं नाही. काल येळवस, म्हणजे वेळ अमावास्येची रानातली पूजा; दिवसभर तिथं राहून सगळे गळाठलेत. मी बिनसाखरेचा चहा केला आणि हृदयाच्या त्रासाचे झटके नोंदवायला डॉक्टरांनी दिलेली वही काढून बसले.

वहीत चार रकाने आहेत. कधी, काय करताना, किती मिनिटं, गोळी लागली का. सोमवारी दाखवायला जायचंय म्हणून महिन्याभराच्या नोंदी मोजल्या. वहीत चार निघाल्या. खरे झटके आठ, आणि कालचा धरून नऊ.

बाकीचे मी लिहिलेच नाहीत. ही वही लेक दर रविवारी उघडतो आणि वाचताना त्याच्या कपाळाला आठी पडते. राग नसतो तो, मला कळतं. चौदा महिन्यांमागं हृदयाच्या नळीत दोन स्टेंट पडले तेव्हा ऑपरेशन योजनेत बसलं, पण त्याआधीच्या तपासण्या, गाडीभाडं, तिथलं राहणं, यापायी त्यानं सोयाबीन भाव पडलेला असताना आडतीला घातलं. एवढं करूनही आईला भरून येतंच, हे त्याला आठवड्याला का वाचायला लावायचं? म्हणून एखादी नोंद गाळली. मग दुसरी. मग सवयच लागली.

काल थोरल्या जाऊबाई म्हणाल्याच, "दोन दोन स्टेंट टाकलेत की गं, आता काय होतंय तुला!" त्यांचं चुकत नाही. मलाही वाटलं होतं, नळीतला बोळा निघाला, संपलं. ऑगस्टात परत त्रास वाढला तेव्हा पुन्हा अँजिओग्राफी झाली. दोन्ही स्टेंट उघडे, रक्त छान वाहतंय. मी रडकुंडीला आले. म्हटलं, मग मला होतं ते खोटं का? डॉक्टर म्हणाले, खोटं नाही, स्टेंट मोठ्या नळीत बसतो. पुढच्या केसासारख्या बारीक नळ्यांत ना स्टेंट जातो, ना त्या अँजिओग्राफीत दिसतात. त्या नीट सैल होत नसल्या, तर काम वाढलं की हृदयाला रक्त कमी पडतं. आणि हे बायकांत जास्त दिसतं.

मी ते माझ्या पद्धतीनं समजून घेतलं. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. देशभर फोटो झळकले, लातूरला पाणी पोचलं म्हणून. स्टेशनात पोचलं होतं, खरंच. आमच्या गल्लीत घागरी रांगेतच होत्या.

तर मग गोळ्या. सकाळी एक नाडी संथ ठेवणारी. एक ॲस्पिरिन, रक्त पातळ करणारी दुसरी वर्ष झाल्यावर थांबवली. रात्री कोलेस्टेरॉलची. आणि नळ्या सैल करणारी नायट्रेटची, सकाळी आठला एक, दुपारी तीनला एक. या तीनच्या गोळीवरून मी बोलणी खाल्लीत. मला वाटलं, रात्री काही झालं तर? म्हणून दुपारची गोळी मनानंच रात्री नऊला घ्यायला लागले. दोन-तीन आठवड्यांत सकाळी अंगण झाडतानाच आवळायला लागलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा फोड झाली. नसांना या औषधाची सवय होते, मग ते असून नसल्यासारखं. रात्रीचे दहा-बारा तास त्यांना औषधाविना ठेवावं लागतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी गोळी लागू पडते. सुट्टी औषधाला असते, हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं.

सुरुवातीला तर या गोळीनं डोकं असं ठणकायचं की छाती परवडली. पंधरा दिवसांनी गेलं.

ऑगस्टात रॅनोलाझिन ही आवळणं कमी करणारी आणखी एक गोळी जोडली, पाचशेची, दोन वेळा. तिनं पोट साफ होत नाही, एवढं सोडलं तर बरी आहे. पण हीच गोष्ट आज मला टोचतेय. मागच्या तपासणीत मी वही पुढं केली. तीन नोंदी. डॉक्टर खूश झाले, म्हणाले, "छान, आकडा उतरलाय, पाचशेचीच चालू ठेवू." त्यांनी माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून डोस तिथंच ठेवला. आणि मी घरी येऊन महिनाभर म्हणतेय, ही गोळी काही कामाची नाही.

आता कालचं लिहिते.

सकाळी नऊला निघालो. येळवशीला लातूर ओस पडतं, दुकानं बंद, सगळा गाव रानात. आंबिलाचं मडकं, बिंदगं, सुनेनं घेतलं. पूर्वी ते बिंदगं डोक्यावर घेऊन मी गावापासून रानापर्यंत अनवाणी जायची. काल गाडीतून उतरून कोपीपर्यंत गेले तेवढंच. कडब्याची कोप, आत पांडव म्हणून मांडलेले दगड, पूजा झाली, ह्यांनी रानात नैवेद्याचा चर शिंपला. हरभरा यंदा चांगला दिसतोय. मग जेवायला बसलो. भज्जी, उंडे, धपाटे, खीर, वर दोन पेले आंबील. मिठाचं मी आधी सुनेला सांगितलं होतं, पण भज्जी जाऊबाईंची होती, तिथं कोण बोलणार.

जेवण होतंय न होतंय तोच जाऊबाई म्हणाल्या, चल, वरच्या बांधावरची बोर बघू. चढ काही मोठा नाही. पण पोट गच्च, समोरून गार वारं, आणि त्यांच्याशी बोलत बोलत चालायचं. जेवण, थंडी, चढ, या तिघांना एकत्र येऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बोटांवर मोजून सांगितलेलं. मी तिघांनाही एका बांधावर नेलं.

मला छातीत कळ येत नाही. आधी जबडा जड होतो, मग गळ्याशी कुणी पदर आवळल्यासारखं, मग पाठीत दोन फऱ्यांच्या मधे. हे पित्तच, असं मी आधी दोन वर्षं समजत होते, आणि एका दवाखान्यानंही तसंच समजून परत पाठवलं होतं.

मी बांधावर खाली बसले. उभ्यानं गोळी घ्यायची नाही, बीपी उतरून चक्कर येते. सॉर्बिट्रेट, ही जिभेखालची गोळी, मी सासूबाईंच्या चंचीत ठेवते, जिथं त्या कात ठेवायच्या. पट्टीचा तुकडा काढला आणि बघते तर तारखेचा भाग कापून गेलेला. कधीची गोळी आहे कुणास ठाऊक! तरी जिभेखाली ठेवली. जीभ चुणचुणली, डोक्यात गरम लाट गेली. मोबाइलमध्ये घड्याळ बघत बसले. पाच मिनिटांत नाही उतरलं तर दुसरी, आणि ती ठेवता ठेवताच 108 ला फोन, हे पाठ आहे. बसल्या जागी, काही न करता आवळलं तर तेही नेहमीचं धरायचं नाही.

चौथ्या मिनिटाला गळ्याची पकड सुटली.

जाऊबाई तोवर बोरीखालून हाका मारत होत्या. मी म्हटलं, काटा मोडला. खोटं माझ्या तोंडात गोळीच्या आधी तयार असतं.

नीट परीक्षेच्या तयारीला माझ्याकडं राहिलेला लेकीचा मुलगा मात्र मागून येऊन शेजारी बसला होता, काही न विचारता. त्यानंच मागं सांगितलेलं, आज्जी, सुरुंगाच्या डायनामाइटात असतं त्याच्या नात्यातलीच ही गोळी. ते बनवणाऱ्या नोबेललाही म्हातारपणी डॉक्टरांनी हृदयासाठी तेच लिहून दिलं, आणि हे काम कसं करतं त्याच्या शोधाला 1998 साली नोबेलच्याच नावाचं बक्षीस मिळालं. काल उठताना तो एवढंच म्हणाला, "चढायच्या आधीच दहा मिनिटं एक ठेवायची की गं. चालतं ना तसं?" चालतं. डॉक्टरांनीच सांगितलंय. मी घेत नव्हते, कारण आधीच घेतली म्हणजे आपण आजारी आहोत हे कबूल केल्यासारखं वाटतं.

सात वाजत आले. सून उठली, बाथरूममध्ये बादली वाजतेय. नव्या पट्टीसाठी लेकाला चिठ्ठी लिहिली, अख्खीच आण, कापून नको. गाळलेल्या नोंदींपैकी तिघींच्या वेळा आठवल्या, गच्चीवर तिळाचं वाळवण नेतानाचा एक, मोंढ्यातून पिशवी उचलून येतानाचा, आणि गार पाण्यानं हात धुताना आलेला. चौथीची वेळ काही केल्या आठवत नाही, तिथं नुसती रेघ ओढलीय. रविवार उद्याच आहे, लेक वाचेल.

नववी: येळवस, वरचा बांध, दुपारी अडीच. जेवणावर चढ, समोरून वारं. चार मिनिटं. एक गोळी, तारीख नसलेली.