राउंड व्हॅलीचा ट्रेक: ऑगस्टमध्ये गवतात पाय टाकू नका

न्यू जर्सीतल्या राउंड व्हॅलीला निघण्याआधी ग्रुपमधल्या एका दादांनी छातीठोकपणे सांगितलं, "गोचिडींचा सीझन जूनमध्ये संपतो, ऑगस्टअखेर बिनधास्त जा." हा सल्ला साफ चुकीचा आहे. तो काळ्या पायांच्या, लाइम हा आजार पसरवणाऱ्या गोचिडीच्या हिशोबाने दिलेला. इथे आता एशियन लाँगहॉर्न्ड टिक ही दुसरी गोचीडही आहे, आणि तिची पिल्लं ऑगस्टमध्येच ऐन भरात असतात.

कुशेटंक ट्रेलचा चढउतार, झाडी, पाणी सगळं उत्तम. त्रास दिला तो गुडघाभर गवताच्या जेमतेम पाच मिनिटांच्या पट्ट्याने. बाहेर येऊन पाहतो तर पँटच्या शिवणीवर खसखस सांडल्यासारखे ठिपके, आणि ते वर सरकत होते! मादी सगळी अंडी एकाच जागी घालते, त्यामुळे पिल्लांचा घोळकाच अंगावर चढतो.

अमेरिकेत ही गोचीड पहिल्यांदा उजेडात आली ती याच हंटरडन काउंटीत, 2017 मध्ये, कधीही परदेशी न गेलेल्या एका मेंढीवर. मग जुने नमुने तपासले, तर वेस्ट व्हर्जिनियातल्या हरणावर ती 2010 मध्येच होती. मूळची पूर्व आशियातली; सशांवरच्या इथल्या गोचिडीसारखी दिसते, म्हणून इतकी वर्षं खपून गेली. इथल्या माद्यांना नर लागतच नाही. एकटी मादी दोन हजारांपर्यंत अंडी घालते, म्हणजे एखाद्या कुत्र्यावरून आलेली एकच गोचीड नवी वस्ती उभी करायला पुरे. हरीण, गाय, कुत्रा, कुणाचंही रक्त तिला चालतं, थंडीही सोसते. व्हर्जिनियात तिच्यामुळे गुरांना थायलेरिया हा रक्तातल्या परजीवीचा आजार झाला. लाइम ती सहसा पसरवत नाही, पण त्याच गवतात काळ्या पायांचीही बसलेली असते.

पँट मोज्यात खोचा. बूट-पँटवर आदल्या दिवशी पर्मेथ्रिन हे कीटकनाशक फवारून पूर्ण वाळवा. ओलं असेपर्यंत मांजर लांब ठेवा. पिल्लं दिसली की झटकत बसू नका, चिकटपट्टीने उचला. घरी आल्यावर कपडे धुण्याआधी ड्रायरमध्ये टाका, कडक उष्णतेवर दहा मिनिटं. गुडघ्यामागे, जांघेत, केसांत बोटं फिरवून बघा. चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल किंवा काडीचा चटका अजिबात नको.

कुत्र्याला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इथे नेऊच नका. पानगळीत जाणार असाल तर तेव्हा काळ्या पायांच्या मोठ्या गोचिडी फिरत असतात. पर्मेथ्रिन तेव्हाही लावाच.