मीटरचा लाल दिवा आणि सासूबाईंचा हीटर

नागपुरात बिलाची धास्ती उन्हाळ्यात. मे महिन्यात कूलर दिवसरात्र चालतो, एसी लागतो, बिल फुगतं आणि आपण मुकाट्याने भरतो. हिवाळ्यात मात्र कूलर झाकून ठेवलेला, पंखे बंद, म्हणून आम्ही निर्धास्त. आणि जानेवारीत बिल आलं ३४७ युनिटचं! ऑक्टोबरचं १६८ होतं. त्यात ३०० च्या पुढचे युनिट आणखी चढ्या दराने लागतात, तो चटका वेगळाच.

घरात लगेच आरोपी ठरला : गीझर. नवरा म्हणाला मुलगी तासभर आंघोळ करते, मुलगी म्हणाली बाबा गीझर बंद करायला विसरतात. दोन्ही खरं होतं. पण मला आकडे हवे होते.

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. आमच्या मीटरच्या पाटीवर ३२०० लिहिलंय, म्हणजे तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. रविवारी दुपारी फ्रिजसकट सगळं बंद केलं आणि एकेक वस्तू चालू करून मिनिटभर दिवा मोजला. गीझरला तो इतका भरभर लुकलुकायला लागला की मोजताच येईना. शेवटी मोबाइलवर व्हिडिओ काढून हळू चालवून मोजला : १०७. म्हणजे दोन किलोवॅट, अर्ध्या तासाला एक युनिट. सासूबाईंच्या खोलीतला हीटर बारीकवर ठेवला तरी ५३, म्हणजे एक किलोवॅट.

हा हीटर आम्ही २०१८ च्या डिसेंबरात घेतला होता. त्या वर्षी २९ तारखेला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आणि आईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. "मी तर अर्धाच तास लावते बाप्पा," असं त्या दरवर्षी सांगतात. आठवडाभर मी रोज रात्री नऊला आणि सकाळी सातला रीडिंग कॅलेंडरवर लिहिलं. हिशेब निघाला रोजचे तीन तास, म्हणजे महिन्याचे नव्वदेक युनिट. गीझरचेही जवळपास तेवढेच. वाढीव १७९ युनिटांचा पत्ता लागला.

आता ऐंशीच्या घरातल्या बाईला हीटर लावू नका म्हणून कोण सांगणार? मी तरी नाही.

म्हणून आधी गीझर धरला. मिस्त्री बोलावला. त्याने कॉइल काढून दाखवली, तिच्यावर पांढऱ्या क्षाराचा जाड थर. "वहिनी, बोअरचं पाणी घालता ना?" साफ करून दिली, आता बिल अर्धं होईल म्हणाला. तसं काही झालं नाही. उष्णता शेवटी पाण्यातच जाते, थर असला तरी. कॉइल जळायची मात्र वाचली असावी.

फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीने. पहाटे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला झोंबतं, तर बोअरचं ताजं पाणी कोमट असतं. जमिनीखाली थंडी पोचत नाही. तेव्हा गीझरला नळाचं पाणी, म्हणजे क्षार कमी, आणि बादलीत विसण घालायला बोअरचं. आधी एका बादलीला दहा लिटर कढत पाणी लागायचं, तिथे साडेसातेक लिटरमध्ये काम होऊ लागलं. पाच मिनिटं मोटर चालते, तिची वीज नगण्य. आंघोळी एकामागून एक, आणि शेवटचा बंद करणार. मुलीने पहिले चार दिवस तोंड फुगवलं. असो.

आईंसाठी बिछान्यात घालायची विजेची चादर आणली, ६० वॅटची. झोपायच्या तासभर आधी लावायची, अंग टेकलं की बंद. त्यांचा पलंग दक्षिणेच्या खिडकीशी सरकवला, तिथे दिवसभर ऊन येतं. हीटर खोलीतच राहू दिला, हलवला असता तर रुसल्या असत्या. फार गारठा पडला त्या तीन-चार रात्रींत त्यांनी तो लावलाही.

पुढचं बिल आलं २४३ युनिटचं.

दुपारी आई अंगणात उन्हात खुर्ची टाकून तुरीच्या शेंगा सोलत बसतात. खुर्ची नेमकी मीटरसमोर. परवा मी इस्त्री करत होते तर बाहेरून हाक आली, "काहून वं सूनबाई, काय लावलं? लय टिमटिमते हे!"