दोन नोकऱ्या, एक घर आणि अर्जातला सातवा रकाना

ज्या पत्राची साडेतीन महिने वाट पाहिली, ते पत्र अवघं पाच ओळींचं आहे. त्यातली कामाची ओळ एकच: आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्यास परवानगी देण्यात येत आहे. ते हातात येऊन आता सहा आठवडे झाले. घर लागलं, रोजचं वेळापत्रक बसलं, तरी त्या अर्जातला सातवा रकाना आठवला की माझं डोकं अजून तापतं. नवरा-बायकोच्या नोकऱ्या दोन टोकांना असतील आणि कुठे राहायचं हे ठरत नसेल, तर माझ्या अनुभवातून तुमचे काही आठवडे तरी वाचावेत, म्हणून लिहिते आहे.

नवरा रुग्णालयात तंत्रज्ञ आहे. आठवड्याचे सहा दिवस मशीनपाशीच असावं लागतं, शिवाय पाळ्या आहेत आणि दुपारची पाळी रात्री अकराला सुटते. मी एका कंपनीच्या हिशेब विभागात, पाच दिवस. दोन्ही ठिकाणांमध्ये अंतर 96 किलोमीटर. लग्नानंतरचे पहिले दहा महिने आम्ही आपापल्या नोकरीच्या गावी राहिलो. दोन भाडी भरायची, शनिवारी रात्री भेटायचं आणि रविवारी दुपारपासूनच पिशवी भरायला घ्यायची. अकराव्या महिन्यात दोघांनीही एकाच आठवड्यात म्हटलं, आता बस.

सगळ्यांचा सल्ला एकच होता. सासूबाई म्हणाल्या, "मध्येच कुठेतरी बघा, दोघांनाही सारखं पडेल." मलाही ते न्यायाचं वाटलं. मग एका रात्री मी हिशेब मांडून बसले. तो आठवड्याला सहा वेळा जाणार-येणार, मी पाच वेळा. बरोबर मध्यावर राहिलो तर दोघांचा मिळून आठवड्याचा प्रवास 1056 किलोमीटर. त्याच्या गावी राहिलो तर 960. माझ्या गावी राहिलो तर 1152. म्हणजे मध्यावर राहून एकूण प्रवास कमी होत नाही, तो फक्त वाटला जातो. आणि मला आठवड्यातले दोन दिवस घरून काम मिळालं, तर त्याच्या गावी राहून तोच आकडा 576 वर येतो, मध्यावर 864.

आकडे पाहून मी शोधत गेले, तेव्हा कळलं की हा प्रश्न जुना आहे. 1909 मध्ये आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थतज्ज्ञाने कारखाना कुठे उभारावा याचा विचार अशाच ओढींवरून केला होता. कच्चा माल एकीकडे ओढतो, बाजारपेठ दुसरीकडे. टेबलाला दोन भोकं पाडून त्यांतून दोऱ्याला बांधलेली वजनं सोडली आणि दोन्ही दोरे वर एका गाठीत बांधले, तर ती गाठ जड वजनाकडे सरकत जाते आणि थेट त्या भोकाशीच जाऊन टेकते. वजनं अगदी सारखी असली तरच ती मध्ये कुठेही राहू शकते. आमची वजनं सारखी नव्हती. मी बाई म्हणून नवऱ्याच्या गावी गेले असं ओळखीचे लोक सरळ गृहीत धरतात, ते मला लागतं. आमचा निर्णय फेऱ्यांच्या संख्येवर आणि रात्री अकरानंतरच्या प्रवासावर झाला. त्याच्या जागी मी पाळ्या करत असते, तर गाठ माझ्याकडे सरकली असती.

तरीही मधल्या गावातलं एक घर आम्ही पाहून आलो होतो, कारण मोह मोठा होता. त्याच भाड्यात एक खोली जास्त आणि समोर गच्ची. मी हट्टाने एका सोमवारी तिथून ऑफिसला जाऊन पाहिलं. हे सगळ्यांनी करावंच. रविवारी गाडी काढून अंतर मोजण्यात अर्थ नाही. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेला, घराच्या दारापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत किती वेळ लागतो ते बघायचं, आणि परतीचाही प्रवास करायचा, कारण थकवा परतीतच कळतो. मधल्या स्टेशनवर जलद गाडी थांबत नव्हती. 48 किलोमीटरला 1 तास 35 मिनिटं लागली. त्याच्या गावाहून जलद गाडीने 96 किलोमीटरला 1 तास 50 मिनिटं. म्हणजे मध्ये राहून माझी जाता-येता पंधरा-पंधरा मिनिटं वाचणार आणि त्याचे रोजचे तीन तास जाणार. गच्चीचा विषय तिथेच संपला. ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या दोन स्विस अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या दरवर्षीच्या मोठ्या पाहणीतली माहिती घेऊन नेमकं हेच तपासलं होतं. लांबच्या प्रवासाची भरपाई चांगल्या घरातून किंवा जास्त पगारातून होत असेल असं वाटतं, पण ज्यांचा प्रवास लांबचा ते लोक आपल्या आयुष्याबद्दल कमीच समाधानी असल्याचं सांगत होते. मला त्या गच्चीचा मोह किती झाला होता हे आठवलं, की हे पटतं.

इथपर्यंत तीन आठवड्यांत आलो. पुढचे साडेतीन महिने फक्त त्या पत्रात गेले.

माझ्या साहेबांना विचारलं तर ते लगेच म्हणाले, "काही हरकत नाही, दोन दिवस घरून करा." मी त्याच संध्याकाळी त्यांना दोन ओळींचा मेल टाकला: आज बोलल्याप्रमाणे मंगळवार आणि गुरुवार घरून काम करण्यास आपली संमती आहे, त्यानुसार अर्ज करत आहे. त्यांचं "ठीक आहे" असं उत्तर आलं. हा मेल किती कामी येणार आहे, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. तोंडी होकार मिळाला की त्याच दिवशी असा मेल टाकाच.

मग एचआरचा अर्ज. नाव, पद, विभाग, कारण, सगळं भरलं. सातवा रकाना होता: "घरून काम करण्याच्या ठिकाणाचा पत्ता (पुराव्याची प्रत जोडावी)". आमच्याकडे पत्ताच नव्हता. परवानगी आली तर त्या गावी घर घ्यायचं, नाही आली तर सगळा हिशेब नव्याने मांडायचा, असं ठरलेलं. मी रकान्यात गावाचं नाव लिहून "घर निश्चित होत आहे" असं टाकलं. चार दिवसांनी अर्ज परत आला.

मी खाली एचआरच्या टेबलापाशी गेले.

"मॅडम, पत्त्याचा पुरावा जोडलेला नाही."

"घर अजून घेतलेलं नाही. परवानगी मिळाली तरच घेणार आहोत."

"मग घर घेतल्यावर अर्ज करा ना."

"घर घेतलं आणि परवानगी नाही मिळाली तर?"

"ते आम्ही कसं सांगणार?"

मी विचारलं, सध्याचा पत्ता टाकून देऊ का? तर म्हणाले, तुमचं सध्याचं घर ऑफिसपासून चार किलोमीटरवर आहे, मग घरून कामाची गरजच काय, असं वरून विचारतील. त्यांचं प्रत्येक वाक्य सुटं घेतलं तर बरोबर होतं. सगळी मिळून मात्र माझ्यासाठी कुठेच दार उरत नव्हतं. मी तिथे उभी राहून तीच गोष्ट तीन वेगवेगळ्या शब्दांत सांगितली. समोरच्या माणसाने तिन्ही वेळा त्याच रकान्यावर बोट ठेवलं.

दुसऱ्यांदा अर्ज ऑनलाइन भरला, तिथे तर प्रत जोडल्याशिवाय पुढचं पानच उघडत नव्हतं. तिसऱ्यांदा विनंतीचं वेगळं पत्र जोडून कागदावर दिला. त्याची पोच घेतली, हे एक बरं केलं. त्यानंतर पोर्टलवर फक्त "प्रलंबित". सकाळी चहा व्हायच्या आत मी ते उघडून बघायची आणि मग दिवसभर माझा स्वभाव कडवट. नवरा फोनवर शांतपणे म्हणायचा, "अगं, येईल." मला त्या शांतपणाचाच राग यायचा. त्याचं काहीच अडलेलं नाही आणि टेबलाटेबलाशी मी एकटीच उभी राहते आहे, असं मी एकदा त्याला बोलूनही दाखवलं. पुढच्या आठवड्यात त्याने एका दिवसाची रजा टाकली आणि त्याच्या गावातली सात घरं एकट्याने पाहिली. प्रत्येक घरातून मला व्हिडिओ पाठवला, नळ सोडून, खिडक्या उघडून. आपल्याकडचं काम अशा वेळी वाटून घ्यावं, आणि त्यासाठी भांडण व्हायची वाट पाहू नये.

त्यातलं तिसरं घर आम्हाला फार आवडलं. स्वयंपाकघराच्या खिडकीला रुंद कट्टा होता, एक माणूस पाय वर घेऊन बसेल एवढा. घरमालकांनी तीन आठवडे थांबून घेतलं. मग त्यांनाही भाडं बुडवणं परवडेना, त्यांनी ते दुसऱ्यांना दिलं. त्याच सुमारास माझ्या साहेबांची दुसऱ्या शाखेत बदली झाली. नवे साहेब म्हणाले, "मला आधी दोन महिने काम बघू द्या, मग ठरवू." त्या दिवशी मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. संध्याकाळी तो जुना मेल शोधून, त्याच्या उत्तरासकट, नव्या साहेबांना पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलावून सांगितलं, लेखी संमती झालेली असेल तर मी ती मोडणार नाही.

आणि मग तेराव्या आठवड्यात मी ते केलं, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. कंपनीचं घरून कामाचं मूळ धोरण, सगळी चौदा पानं, वाचून काढलं. अकराव्या पानावर वाक्य होतं: "कर्मचाऱ्याने आपला सध्याचा अथवा प्रस्तावित निवासी पत्ता द्यावा." प्रस्तावित! आणि खाली अर्जाचा उल्लेख "आवृत्ती 3" असा. मी माझ्याजवळचा अर्ज काढला. डाव्या कोपऱ्यात, पृष्ठ क्रमांकाच्याही खाली, बारीक अक्षरात "आवृत्ती 2". नियम बदलला होता, अर्ज जुनाच चालू होता. तीन महिने माझं अडलं होतं ते नियमामुळे नव्हतंच.

अकराव्या पानाची प्रत काढली, त्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारली आणि टेबलावर ठेवली. समोरच्या माणसाने दोनदा वाचलं, कुठेतरी फोन केला, आणि म्हणाला, "मॅडम, नवा फॉर्म आमच्याकडेही आलेला नव्हता." त्याचा दोष नव्हता हे मला कळत होतं, तरी त्या क्षणी मला "असू दे" म्हणता आलं नाही. पण अभिमान वाटला, तो आजही वाटतो. माझ्यानंतर दोघींनी त्याच नव्या अर्जावर परवानगी मागितली आहे.

प्रस्तावित पत्त्याला पुरावा काय द्यायचा? तोवर आम्ही दुसरं घर पाहिलं होतं. घरमालक काकांना मी सगळं खरं सांगितलं. त्यांच्याकडून दोन कागद घेतले. एक, हे घर या दोघांना भाड्याने देण्यास आपली तयारी आहे, असं सहीचं पत्र. दुसरी टोकनची पावती, आणि तिच्यावर एक ओळ: परवानगीचं पत्र 45 दिवसांत न आल्यास टोकनची पूर्ण रक्कम परत. मला वाटलं होतं कुणी असं लिहून देणार नाही. काका म्हणाले, "लिहून देतो की, त्यात काय." पहिल्या घराच्या वेळी मी हे विचारलंच नव्हतं. ती कट्ट्याची खिडकी माझ्या न विचारण्याने गेली.

आठ दिवसांत पत्र आलं. बाकीचं सगळं, सामान, बँकेतला पत्ता, दोन्ही जुन्या घरांचे हिशेब, दहा दिवसांत झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

दिवस मागताना विचार करून मागा. मंगळवार-गुरुवार घरी म्हणजे सोमवार, बुधवार, शुक्रवार प्रवास, एरवी सलग दोन दिवस कधीच नाही. सलग दोन दिवसांचा प्रवास मी महिनाअखेरीला, हिशेब बंद करताना करते आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडून बेरजा चुकतात. आठवड्यातून तीनच दिवस जायचं असेल तर महिन्याचा पास परवडतो की सुटी तिकिटं, तेही एकदा मांडून बघा.

आणखी एक, घर पक्कं करायच्या आधीचं. दोघांपैकी एकाची नोकरी उद्या गेली, तर कुठल्या गावात दुसरी मिळेल, हे आम्ही फार उशिरा बोललो. नशिबाने त्याच्या गावात हिशेबाची कामं आहेत. नसती तर 576 चा आकडा असूनही मी अडून बसले असते. आम्ही एका कागदावर लिहून ठेवलं आहे की त्याच्या पाळ्या बदलल्या किंवा मला बढती मिळाली, तर हिशेब पहिल्यापासून मांडायचा आणि तेव्हा गाठ माझ्याकडे सरकली तर सामान तिकडे न्यायचं. त्या कागदावर दोघांच्याही सह्या आहेत.

पत्राची मुदत एक वर्षाची आहे, हे पाचव्या ओळीत आहे, तीही नीट वाचा. मी मुदतीच्या दोन महिने आधीची आठवण फोनमध्ये लावली आहे आणि आवृत्ती 3 चा कोरा अर्ज स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवला आहे. काल रात्री तो पाळीवरून सव्वाअकराला घरी आला, तेव्हा मी तोच अर्ज भरून ठेवत होते. सातव्या रकान्यात घर क्रमांक लिहिला.