पोरांचं पेटंट आणि कॉलेजचा कागद

मी सांगली जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला शिकवते. आमच्या फायनल इयरच्या तिघांनी बेदाणा शेडसाठी पाऊस आला की आपोआप खाली येणारे पडदे बनवले. त्यातल्या एकाचं घर तासगावकडचं, त्यामुळे अवकाळीत बेदाणा भिजला की दर कसा आपटतो हे त्याला शिकवायची गरज नव्हती. प्रोजेक्ट आविष्कारला (विद्यापीठांची संशोधन स्पर्धा) न्यायचा होता आणि तेवढ्यात कॉलेजच्या इनोव्हेशन कौन्सिलच्या मीटिंगमध्ये फर्मान निघालं, पेटंट टाका. (नॅकला, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेला, आकडे लागतात हो, दुसरं काय.)

टाकायला हरकत नाही, पण आधी इनपासवर (पेटंट ऑफिसची जुनी पेटंटं शोधायची साइट) आणि गूगल पेटंट्सवर शोधत बसलो तर पोल्ट्रीचे, ग्रीनहाऊसचे मोटरवर चालणारे पडदे ढिगाने निघाले. पोरांची तोंडं उतरली. मग लक्षात आलं की वाऱ्यात पडदा फडफडू नये म्हणून त्यांनी जी लॉकची भानगड काढलीये ती कुठेच दिसत नाहीये, मग तेवढीच धरून लिहिलं. आणि आविष्कारच्या आधी प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक अर्ज, टाकून मोकळे झालो, कारण एकदा चारचौघांत दाखवलं की नावीन्यावरच प्रश्न येतो. प्रोव्हिजनल टाकलं की पूर्ण स्पेसिफिकेशनला (शोधाचं सविस्तर वर्णन) १२ महिने मिळतात. ऑनलाइन फी १६०० रुपये, शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून सवलत आहे त्यामुळे कॉलेजचं नाव अर्जदारात घातलं तरी तेवढीच, फक्त सवलतीसाठीचा फॉर्म २८ जोडायचा.

खरी गंमत नावांची. विभागप्रमुखांचं टाका, प्राचार्यांचं टाका, कुणीतरी म्हणालं ट्रस्टींचं पण बघा! फॉर्म १ मध्ये संशोधक म्हणून ज्याचं डोकं चाललंय त्याचंच नाव जातं, मी फॉर्म छापून समोर ठेवला आणि म्हटलं सर, पुढे कुणी हरकत घेतली तर यातलं कुठलं काम तुम्ही केलं ते सांगावं लागेल. विषय संपला.

मालकीचा विषय मात्र महिनोन् महिने चालला. हे पडदे विकायला पोरं जी कंपनी काढणार त्यात मॅनेजमेंटला निम्मा वाटा हवा होता. मी २०१९ ची राष्ट्रीय इनोव्हेशन आणि स्टार्टअप पॉलिसी काढून दाखवली, त्यात जागा, लॅब, मदत दिली तर संस्थेने कंपनीचे २ ते ९.५ टक्के शेअर्स घ्यावेत असं आहे आणि संस्थेचा पैसा-साधनं वापरून काढलेल्या गोष्टीची मालकी संस्था आणि संशोधक यांची एकत्र. आता ही मार्गदर्शक पॉलिसी आहे, कायदा नाही, हे त्यांनाही माहीत होतं. पण पोरांनी वर्कशॉपचं लॉगबुक नीट ठेवलं होतं, कुठला पार्ट कॉलेजच्या लेथवर झाला आणि कुठला स्वतःच्या पैशाने कुपवाड एमआयडीसीत करून आणला, सगळी बिलं होती. त्या वहीच्या जोरावर शेवटी ५ टक्क्यांवर सह्या झाल्या. तुमच्याकडे असं काही चालू असेल तर पेटंटचा मसुदा नंतर लिहा, ती वही आजच सुरू करा.

मी स्वतः कंपनीत वाटेकरी नाही. फुल पगारावर असलेल्या प्राध्यापकाने वाटा घेतला तर त्याच पॉलिसीत वेगळा नियम आहे, त्याच्या शेअर्सपैकी २० टक्क्यांपर्यंत संस्था घेऊ शकते, आणि वर परवानगीचा व्याप, नको वाटलं. नुसती मेंटॉर आहे.

पूर्ण अर्ज गेला, लवकर पब्लिश व्हावं म्हणून फॉर्म ९ पण भरला, आणि पब्लिश झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी गेटवर फ्लेक्स, 'पेटंट मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. अहो पब्लिश होणं वेगळं आणि मंजूर होणं वेगळं, तपासणीसाठी फॉर्म १८ अजून भरायचाय, मग आक्षेप येणार, त्याला उत्तर द्यायचं. पण फ्लेक्स उतरवायला कोण सांगणार.

पोरं सध्या त्या फ्लेक्सकडे बघतही नाहीत. तासगावच्या एका शेडवाल्याने दोन बाजूंचे पडदे मागितलेत, अॅडव्हान्स दिलाय, आणि त्यांचं डोकं आता पत्र्याच्या भावात अडकलंय.