तुम्ही विचारलंत म्हणून : पोरं वाचायला कधी लागतात?

पहिलीला शिकवते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "मग पोरं वाचायला कधी लागतात हो?" लग्नाच्या पंगतीत विचारतात, स्टँडवर विचारतात. पुण्याची माझी नणंद तर दर दिवाळीला विचारते, कारण तिच्या नातीला बालवाडीतच सगळं येतं. "लागतात हळूहळू" म्हणून मी आजवर सुटत आले. यावेळी नीट सांगते.

आमची शाळा बीड जिल्ह्यात, धारूरकडे, बालाघाटाच्या डोंगरावर. जिल्हा परिषदेची. पहिली-दुसरी एकाच खोलीत, दोन्ही माझ्याकडे. जूनच्या मध्याला शाळा उघडते. पहिल्या दिवशी फुगे, गुलाबाचं फूल, बालभारतीची नवी पुस्तकं. दुसऱ्या दिवसापासून रडारड. पहिले पंधरा दिवस मी शेंबूड पुसते, चड्डीची नाडी बांधते आणि "बाई, ह्येनं मला हाणलं" याचे निवाडे करते. कुणी त्याला शिकवणं म्हणत नाही, पण ते झाल्याशिवाय पुढचं काही होत नाही.

भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे. अ अननसाचा. अननस आमच्या बाजारात येत नाही. ई ईडलिंबाचा. ते तर इतक्या वर्षांत मीसुद्धा पाहिलेलं नाही. पण 'ऊ उसाचा' आला की सगळा वर्ग एका आवाजात ओरडतो. यात एक गंमत आहे. 'ऊस' दीर्घ आणि 'उसाचा' ऱ्हस्व, म्हणजे ज्या अक्षरासाठी चित्र काढलं तेच अक्षर म्हणताना निसटतं. हे मी पोरांना सांगत नाही.

तसंही सुरुवात अ-आ पासून करत नाहीच. ग, म, भ, न. वळण सोपं, आणि लगेच शब्द तयार होतात. मग ऑगस्टमध्ये कधीतरी, एखाद्या साध्या मंगळवारी, खिचडीचा वास यायला लागलेला असताना, एखादं पोर पुस्तकावर बोट ठेवून म्हणतं, "म... ग... र." तीन सुटे आवाज. मग गप्प. ओठ हलतात, आवाज नाही. आणि एकदम मान वर करून, "मगर!" चेहरा असा, की मगर पानातून बाहेरच आली. नणंदबाई, वाचायला लागणं म्हणजे हे. पण ते प्रत्येकाचं वेगळ्या दिवशी होतं, आणि आमच्याकडे दिवस मोजके असतात.

कारण आमचं वर्ष दोन तुकड्यांचं. आमच्या भागातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. उन्हाळ्या-पावसाळ्यात मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल घेतलेली असते, ती फेडायला दसऱ्यानंतर टोळ्या निघतात. सांगली, कोल्हापूर, खाली बेळगावपर्यंत. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. पोरांचा हिशेबात आकडा नाही, पण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या यांच्या वर तीच बसलेली असतात. हंगामी वसतिगृहं आहेत, आजीकडे राहून शाळेत जेवायची सोय होते. पण सहा वर्षांच्या लेकराला आई मागे ठेवत नाही. मुलगी असेल तर नाहीच. धाकट्याला सांभाळायला कोपीवर, म्हणजे तोडीच्या तळावरच्या झोपडीत, कुणीतरी लागतं.

2023 साली पहिलीत एक मुलगी होती. तिला इथे चिमी म्हणते. दसऱ्याच्या आधी सीताफळं पिकतात, तेव्हा आमच्या वर्गात गणिताला बहर येतो. पोरं खिशातून बिया आणतात, धुऊन वाळवतो, काडेपेटीत दहा-दहा भरतो. एक पेटी म्हणजे एक दशक. चिमीच्या पेट्या कायम बरोबर. मोजायची मात्र आजीसारखी, विसांनी. सत्तेचाळीस बिया दाखवल्या की म्हणायची, "दोन ईसा न सात." 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या, जोडाक्षरांमुळे लहान मुलं बिचकतात. मला त्यात मराठी बुडेल असं काही दिसलं नाही. चिमीची आजी तर पुस्तकाची वाट न बघता तिसऱ्याच रीतीने मोजत होती, आणि हिशेब चुकत नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीआधीच सत्तावीस पोरांचा वर्ग सोळावर आला. चिमीला अक्षरं येत होती, शब्द जुळत नव्हते. मी तिला शिक्षण हमी कार्ड दिलं, म्हणजे तिकडच्या शाळेत बसू देतील. आणि बियांची एक काडेपेटी दिली, ती माझ्या मनाने. हजेरीपटावर तिच्या नावापुढे स्थलांतरित लिहिलं.

ती परत आली पाडव्यानंतर, एप्रिलमध्ये. रंग रापलेला, बोटांवर पाचटाचे ओरखडे. हमी कार्ड कोरं होतं. काडेपेटी आणली होती, आत सात बिया. "तीन कुठंयत?" तर म्हणाली, "बारक्यानं गिळल्या." घाबरून विचारलं, काही झालं नाही ना? "न्हाई. दुसऱ्या दिशी निघाल्या." मोळ्या किती झाल्या ते तिला तोंडपाठ, किती मोळ्यांना गाडी भरते तेही. पाटीवर 'ग' काढून विचारलं, तर पाटीकडे बघत राहिली. 'म' तेवढा ओळखला.

पहिलीत कुणाला मागे ठेवायचं नाही, या चालीने चिमी दुसरीत गेली. खोली तीच, बाई त्याच. जूनमध्ये मी तिला पहिलीच्या पोरांत बसवलं. पहिले काही दिवस तिला लाज वाटली, मग तीच त्यांची नाक पुसणारी झाली. पुन्हा ग, म, भ, न. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, पोळ्याच्या आधी, तिचं बोट 'मगर'वर थांबलं, ओठ हलले, आणि तिने मान वर केली.

त्या वर्षी दसरा 12 ऑक्टोबरला होता.