बाबांच्या सबटायटलमधून जाहिराती काढल्या, त्याचा अनुभव

बाबांना गेली चार वर्षं कमी ऐकू येतं, मशीन लावूनही टीव्हीवरचं बोलणं नीट कळत नाही, त्यामुळे जुने इंग्रजी पिक्चर ते सबटायटल वाचूनच बघतात आणि खाली आलेला शब्द न शब्द वाचतात. प्रॉब्लेम असा की त्या फायलींमध्ये मध्येच सट्ट्याच्या कुठल्यातरी साइटची जाहिरात येते, ती पण शांत सीनमध्ये, जिथे कोणीच बोलत नसतं. बाबांना वाटायचं आपलं काहीतरी सुटलं, मग ते रिमोट घेऊन मागे जायचे. हे दोनतीनदा बघितलं आणि मला राहवेना.

आधी नोटपॅडमध्ये हाताने काढायला बसलो. सबटायटलची ही फाइल, म्हणजे एसआरटी, तशी साधी असते, आधी नंबर, खाली कधीपासून कधीपर्यंत दिसायचं ती वेळ, मग वाक्य, मग एक रिकामी ओळ. पण हार्डडिस्कवर दोनशेच्या आसपास फायली होत्या, एवढं हाताने कोण करणार, म्हणून पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत छोटी स्क्रिप्ट, म्हणजे हे काम आपोआप करणारा प्रोग्राम, लिहिली. रिकाम्या ओळीवर तुकडे पाडायचे, ज्या तुकड्यात डॉट कॉम सापडेल तो टाकून द्यायचा, उरलेल्यांना परत एकपासून नंबर द्यायचे. पहिल्याच रनला एरर. अक्षरं फाइलमध्ये साठवायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात, आणि बऱ्याच जुन्या फायली आजच्या यूटीएफ-८ पद्धतीत नव्हत्याच, विंडोज-१२५२ या जुन्या पद्धतीत होत्या, आणि इंग्रजीत 'डोंट' लिहिताना जो वळलेला अॅपॉस्ट्रॉफी येतो त्याच्यावरच गाडी अडत होती. त्या फायली आयकॉन्व्ह नावाच्या, एका पद्धतीतून दुसरीत नेणाऱ्या टूलने बदलून घेतल्या आणि स्क्रिप्ट सगळ्या फोल्डरवर सोडली. टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, भराभर फायलींची नावं गेली, मी खूश.

रात्री बाबा म्हणाले, "अरे, हा माणूस बोलतोय पण खाली काहीच येत नाहीये."

बघितलं तर खरंच. त्या ठिकाणी कोणीतरी कोणाला तरी आत बोलवत होतं आणि ते वाक्यच गायब. दुसरी फाइल उघडली, तिथेही तेच. चूक माझीच होती. मजकूर शोधायचा नमुना ज्या रेजेक्समध्ये लिहितात, त्यात नुसत्या टिंबाचा अर्थ टिंब नसतो, कुठलंही एक अक्षर असा असतो. म्हणजे मी शोधायला सांगितलं होतं 'कुठलंही अक्षर आणि पुढे सी-ओ-एम', आणि ते वेलकममध्ये आहे, बिकममध्ये आहे, इन्कममध्ये आहे, वाक्याच्या मध्ये जिथे जिथे कम येतं तिथे तर त्याच्या आधीची स्पेससुद्धा अक्षर म्हणूनच धरली जाते. टिंबाच्या आधी एक बॅकस्लॅश द्यायचा राहिला आणि बाबांच्या पिक्चरमधून शेकडो वाक्यं उडाली. जुन्या डिस्कवर मूळ फायली होत्या म्हणून निभावलं, नाहीतर परत मिळवायला काही मार्गच नव्हता, कारण मी त्याच फायलींवर सेव्ह केलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण बाबा तक्रार करणारे नाहीत, त्यांनी सांगितलंच नसतं तर?

मग स्वतःच्या स्क्रिप्टचा नाद सोडला आणि सबक्लीनर नावाचं टूल घेतलं, तेही पायथॉनमधलंच आहे आणि टर्मिनलवरून चालतं. त्यात मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे जाहिरात ओळखायचा प्रत्येक नियम लगेच कात्री चालवत नाही, काही नियम नुसता संशय नोंदवतात. आणि ड्राय रन आहे, म्हणजे काय काय उडणार ते दाखवतं पण फाइलला हात लावत नाही. मी आधी संपूर्ण फोल्डरचा ड्राय रन घेतला आणि यादी ओळ न ओळ वाचली, दोन संध्याकाळी गेल्या त्यात, पण माझ्या मते हे काम असंच करायला हवं. जाहिरात राहिली तर बाबा एकदा मागे जातील, पण संवाद गेला तर तो गेला हे त्यांना कळणारसुद्धा नाही.

यादी वाचताना अजून एक दिसलं. शेवटी जिथे सबटायटल करणाऱ्याचं नाव असतं, त्या ओळी पण काढायच्या यादीत होत्या. कोणीतरी रात्री जागून, फुकट, एकेका वाक्याची वेळ जुळवलेली असते, त्याच्यामुळे माझे बाबा पिक्चर बघू शकतात. ती जाहिरात नाही. तो नियम मी बंद केला आणि मग टूल खरोखर चालवलं. ती नावं अजून येतात आणि पिक्चर संपला तरी बाबा ती वाचेपर्यंत उठत नाहीत.